पाटलाचा पटेल

शाळा बदलायचीच असेल तर पाचवीत बदलावी, नाहीतर सरळ अकरावीत. नववीत बदलू नये. पाचवीतल्या पोरांना नव्या भिडूचं अप्रूप असतं आणि अकरावीत सगळेच नवे असतात. नववीत मात्र बाक ठरलेले असतात, टोपणनावं ठरलेली असतात, कोणाचं कोणाशी कधी आणि का बिनसलं हे सगळ्या वर्गाला पाठ असतं, आणि नेमका त्याच वर्षी तुमचा आवाज फुटलेला असतो. बदल्यांचे हुकूम काढणाऱ्यांच्या हे गावीही नसतं. बाबा बँकेत होते. कराडहून त्यांची बदली बडोद्याला झाली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका जूनमध्ये मी मराठी माध्यमातून उठून थेट इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसलो. बडोद्यात मराठी शाळाही होत्या. पण पुढची बदली कुठे होईल याचा नेम नाही आणि इंग्रजी कुठेही चालतं, असा बाबांचा हिशेब.

मी रडलो वगैरे नाही. खरं सांगायचं तर आतून जरा खूशच होतो. कराडला मला सगळे ‘गुरुजी’ म्हणत. तिसरीत असताना बाईंनी बोलणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहायला सांगितली आणि मी इमानेइतबारे माझ्या जिवलग मित्राचंही नाव लिहिलं, तेवढ्यावर ते चिकटलं. पुढे मी कितीही वात्रटपणा केला तरी पोरं म्हणायची, ‘बघ लगा, गुरुजीपण सुधारला!’ टोपणनावाच्या विरुद्ध वागलं तर ते आणखी पक्कं होतं, हा माझा अनुभव. बडोद्यात मला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. गाडीत बसतानाच मी ठरवून टाकलं की गुरुजी कराडला राहिला. त्याच्या जागी कोण येणार, ते मात्र ठरलेलं नव्हतं.

ते हजेरीच्या वेळी ठरलं, आणि मी ठरवलं नाही.

गुजरातेत आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. सर इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने नावं घेत होते. वर्गात पटेल ढीगभर. पटेल, पटेल, पटेल करत सर एका लयीत खाली आले आणि त्या रांगेच्या शेपटाला मी होतो. इंग्रजीत पटेल आणि पाटील यांत एका अक्षराचा फरक. सरांची जीभ उताराला लागलेली, ती माझ्यापाशी थांबायचं काही कारण नव्हतं. त्यांनी मलाही पटेल म्हटलं. मी ‘येस सर’ म्हटलं. काही दिवसांनी हजेरी नंबरावर व्हायला लागली आणि दुरुस्तीची वेळच आली नाही.

मी उभं राहून ‘सर, पाटील’ का म्हटलं नाही? कारण सरांची चूक काढणं हे गुरुजीचं काम होतं.

आणि दुसरं म्हणजे, त्या एका ‘येस सर’मध्ये मी फुकटात बहुसंख्य झालो होतो. बडोद्यात पटेल असण्याला काय वजन आहे हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. शहराच्या उत्तरेला मही नदी ओलांडली की चरोतर लागतो. आणंद, नडियाद, तंबाखूची शेतं, 1946 सालापासूनची अमूलची सहकारी दूध चळवळ, सरदार वल्लभभाई पटेलांचं घराणं, सगळं तिथलं. तिथून माणसं पूर्व आफ्रिकेत गेली, तिथून इंग्लंडला, पुढे अमेरिकेत मोटेलांत. वर्गातल्या पटेलांचे बूट त्यांच्या न्यू जर्सीतल्या काकांनी धाडलेले असायचे. ते मधल्या सुट्टीत हळू चालत. पळायची गरज फक्त बाकीच्यांना. मी पहिली गोष्ट शिकलो ती ही, हळू चालायची.

मग रीतसर अभ्यास सुरू झाला. शाळेतल्या पुस्तकांचा नव्हे, पोरांचा. शर्टाची कुठली गुंडी उघडी ठेवायची, कंपासपेटी कशी फेकायची, ‘शुं वात करे छे’ म्हणताना ‘वात’ किती लांबवायचा, ‘बका’, म्हणजे दोस्ता, कोणाला म्हणायचं आणि कोणाला म्हणायचं नाही. कराडला प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘लगा’ यायचा, तो मी तोंडातून उपटून काढला आणि त्या जागी ‘ने’ बसवला. ‘जा ने’, ‘बोल ने’, ‘छोड ने’. डब्याच्या गोष्टी, ठेपला विरुद्ध भाकरी, हे सगळेच लिहितात, म्हणून मी सोडून देतो. एवढंच सांगतो की आईची आमटी गोड व्हायला लागली तेव्हा तिला मी काही सांगितलं नव्हतं. ती शेजारणींकडून शिकली होती. माझ्याइतकीच तीही नव्या शाळेत होती.

गुजरातीची लिपी मात्र मला घरमालकीण आजींनी शिकवली. दांडिया बाजारात जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो, खाली त्या. ऐंशीच्या आसपास वय, नऊवारी, कानात कुड्या. बोलायच्या मराठी, पण ‘बस ने रे, जेवून जा ने’ अशी. खंडेराव मार्केटात भाजीवाल्याशी हुज्जत घालताना ऐकलं तर त्या मराठी आहेत यावर पैज लावून हरायची वेळ यावी. गायकवाडांनी 1734 मध्ये बडोदं घेतलं तेव्हापासून दांडिया बाजार, रावपुरा भागातली मराठी माणसं हेच करत आलेली. उंबऱ्याच्या आत एक, बाहेर एक. त्यात त्यांना ना फसवल्याचं वाटायचं, ना फसल्याचं. मी ज्याला पराक्रम समजत होतो तो तिथे रोजचा व्यवहार होता.

आजी रावपुऱ्यातून चालताना मला दुकानांच्या पाट्या वाचायला लावायच्या. डोक्यावरची रेघ काढून टाकली की अर्धी गुजराती आपली होते, उरलेल्या अर्धीत क, ख, ज, झ असले चार-दोन दगाबाज. महिन्याभरात मी वह्यांवर गुजरातीत नाव घालायला लागलो. पाटील लिहून त्यातला एक काना खोडला, वेलांटीच्या जागी मात्रा दिली की झाला पटेल. बाबांना गुजराती वाचता येत नव्हतं, त्यामुळे वह्या टेबलावर बिनधास्त पडलेल्या असायच्या. आमचे बाबा पाटीलकीचे भारी अभिमानी. गावाकडे जमीन राहिली नव्हती, पण आडनाव सांगताना आवाज आपोआप चढायचा.

आजींना मात्र वाचता येत होतं. एकदा वही हातात घेऊन त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला, खोडलेल्या कान्यावरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, “पाटलाचा पटेल केलास? स्वस्तात काम झालं ने.” वही परत दिली. बाबांना त्या बोलल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला महाराजांची गोष्ट सांगितली. आजींच्या लेखी बडोद्यातली प्रत्येक गोष्ट सयाजीराव महाराजांपासून सुरू होत असे, नळाच्या पाण्यापासून त्यांच्या स्वतःच्या अक्षरओळखीपर्यंत. ते खोटंही नव्हतं. 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मूल शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड. त्या दंडाच्या धाकाने आजी शिकल्या होत्या. तर गोष्ट अशी की 1875 मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून काढलं आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंना मूल दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून गायकवाडांच्या लांबच्या भाऊबंदांची मुलं बोलावली. त्यातला बारा वर्षांचा गोपाळ निवडला गेला. तुम्ही इथे कशाला आलात असं विचारल्यावर ‘मी राज्य करायला आलोय’ असं उत्तर त्याने दिलं, अशी आख्यायिका आहे. या गोपाळला तेव्हा लिहितावाचताही येत नव्हतं. त्याचं नाव बदललं, पोशाख बदलला, एलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी एकदम सुरू झालं, आणि 1881 च्या डिसेंबरात त्याच्या हाती संपूर्ण कारभार आला.

“गोपाळचा सयाजी झाला तेव्हा त्याला कोणी विचारलं का, खरा कोण म्हणून?” आजी म्हणाल्या. “मग तुला कोण विचारतो!”

तेव्हा मला फार धीर आला. आज त्या गोष्टीतली मेख कळते. बारा वर्षांच्या पोराने रात्री अंथरुणात स्वतःला काय म्हटलं असेल ते असो, दरबारापुढे पर्याय नव्हता. तो सयाजी आहे हे मानणं हा सरकारी हुकूम होता. माझ्या पटेलपणामागे कोणाचाही हुकूम नव्हता.

आणि मला विचारणारा निघालाच.

त्याला आम्ही लांबो म्हणायचो. वर्गातला सगळ्यात उंच, शेवटच्या बाकावरचा, खराखुरा पटेल. पाण्याच्या टाकीपाशी रांगेत असताना त्याने सहज विचारलं, “तारुं गाम कयुं?” दोन पटेल भेटले की पहिला प्रश्न हाच असतो हे मला ठाऊक नव्हतं. मला पटेलांचं एकच गाव माहीत होतं, तेही कराडच्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून, वल्लभभाईंच्या धड्यातलं. मी म्हटलं, करमसद.

लांबोचा चेहरा उजळला. त्याची आई करमसदची निघाली. “कई खडकी?” खडकी म्हणजे चरोतरच्या गावातली भावकीची वस्ती, एका मोठ्या दरवाजाच्या आत समोरासमोर घरं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी म्हटलं, “मोटी.” गावात एखादी मोठी असणारच, असा माझा तर्क. लांबो जरा विचारात पडला. तेवढ्यात रांगेतल्या दुसऱ्या पटेलाने विचारलं, “लेउवा के कडवा?”

प्रश्नाचा सूर चहा की कॉफी असा होता. दोन पर्याय आहेत आणि मला दोन्ही माहीत नाहीत, अशा वेळी परीक्षेत काय करायचं याची गुरुजीने तयारी करून ठेवली होती. मी म्हटलं, “बन्ने.”

म्हणजे दोन्ही. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो, लेउवा आणि कडवा या पाटीदारांच्या, म्हणजे पटेलांच्या, दोन मोठ्या शाखा. चरोतरात मुख्यतः लेउवा. कडव्यांची कुलदेवी उमिया, ऊंझ्याची, त्यांचा भर उत्तर गुजरातेत. त्यांच्यात परंपरेने आपसात लग्नं होत नसत. चरोतरात तर लेउव्यांच्या आतही गावांची वर्तुळं. करमसद, नडियाद, धर्मज, भादरण, सोजित्रा, वसो ही सहा गावं स्वतःला सगळ्यांत वरची समजायची आणि मुली आपल्याआपल्यात द्यायला बघायची. ज्या समाजात मुलगी कुठल्या गावात द्यायची यावरून सभा भरायच्या, तिथे मी एका शब्दात दोन्ही शाखा उरकल्या होत्या.

रांगेत कोणी हसलं नाही. लांबोने माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “एवा बहु ओछा होय.” असे फार थोडे असतात. मग घंटा झाली.

मी सुटलो असं समजलो.

नवरात्र आलं. बडोद्याच्या मोठ्या गरब्यात गाणारे आणि वाजवणारे मध्ये असतात आणि भोवती माणसांची वर्तुळं, उजवीकडे सरकत जाणारी. आतल्या कड्यात तरबेज मंडळी, बाहेरच्यात नवशिके. आजींच्या गच्चीवर मी बे ताळी, त्रण ताळी घोटली होती, पण गच्चीवरचं मैदानावर उपयोगी पडत नाही, कारण तिथे ताल तुमच्यासाठी थांबत नाही. पहिल्या रात्री माझ्या हातून टाळी चुकली की पाय चुकायचा आणि पाय सावरला की मागचा माणूस अंगावर यायचा. लांबोने बाहेर ओढून सांगितलं, हाताकडे बघू नकोस, पुढच्याच्या टाचांकडे बघ. मी टाचा बघत राहिलो. गाणं संथ होतं तोवर जमलं. लय चढल्यावर कधीतरी टाचा बघायचं विसरलो आणि तरी चुकलो नाही. नव्या जागी मिसळण्याबद्दल पुढे अनेकांनी मला अनेक सल्ले दिले, पण इतका कामाचा दुसरा मिळाला नाही.

मग उत्तरायण. कराडला संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि आईचं हळदीकुंकू. बडोद्यात 14 जानेवारीला घरात कोणी नसतं, सगळं शहर गच्चीवर. 15 तारखेला वासी उत्तरायण, म्हणजे शिळी, तीही तितकीच जोरात. डिसेंबरपासूनच रस्त्याच्या कडेला बांबू रोवून दोरा ताणलेला असतो आणि कारागीर मुठीत काचेच्या भुकटीची गुलाबी लुगदी घेऊन त्या दोऱ्यावरून चालत जातात, येतात, जातात. त्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात आणि त्याही गुलाबी झालेल्या असतात.

लांबोच्या मामांची गच्ची मांडवीजवळच्या एका ‘पोळ’मध्ये, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्लीत, होती. तिथे मला फिरकी धरायला दिली. फिरकी धरणं हे सगळ्यात खालचं काम, लहान बहिणी आणि पाहुणे यांच्यासाठीचं. दोन्ही टोकं तळहातांवर सैल टेकवायची. वरून ‘ढील’ आली की फिरकी मोकळी सुटली पाहिजे, खेच बसली की दोरा जमिनीवर लोळता कामा नये, आणि आपला पतंग कटला की दुसरी गच्ची ‘लपेट’ ओरडायच्या आत दोरा गुंडाळायला घ्यायचा. दिवसभर मी मान वर करून आकाश पाहिलंच नाही, फक्त फिरकी पाहिली. दुपारी उंधियूची ताटं आली तेव्हा माझ्या तळहातांवर लाकडाचे दोन गोल वळ उठले होते. ते बघून लांबोने एक पतंग पुढे केला आणि म्हणाला, किन्ना बांध.

किन्ना म्हणजे पतंगाची कणी. उभ्या काडीपाशी वर दोन भोकं, खाली दोन, त्यातून दोरा ओवून गाठ मारायची. वरचा आणि खालचा दोरा किती लांब ठेवायचा यावर पतंग सरळ चढणार की गिरक्या घेणार ते ठरतं. दोन्ही धागे चिमटीत धरून पतंगाच्या कोपऱ्याशी नेऊन मापायचे, वारा जोराचा असेल तर खालचा केसभर जास्त सोडायचा. माझ्या पहिल्या तीन गाठी लांबोने दातांनी सोडवल्या. चौथी राहू दिली. तो पतंग चढला, आणि पाच मिनिटांत समोरच्या गच्चीने कापला. ‘कायपो छे’चा जो गजर झाला तो माझ्यासाठी होता, विरुद्ध बाजूने का होईना.

दहावीत बोर्डाचे फॉर्म आले आणि माझी झोप उडाली. फॉर्मवर जन्मदाखल्याप्रमाणे नाव. कारकून वर्गात येऊन प्रत्येकाचं नाव स्पेलिंगसकट मोठ्याने वाचणार, विद्यार्थ्याने उठून सही करायची. पटेल, पटेल, पटेल करत तो माझ्यापर्यंत आला. सरांच्या जिभेसारखी त्याची जीभ घसरेल अशी आशा होती. पण कारकुनाचा सगळा पगार अक्षरं नीट वाचण्याचा असतो. त्याने वाचलं, “पाटील. पी, ए, टी, आय, एल.” आय वर जरा थांबूनसुद्धा घेतलं.

एकही डोकं वळलं नाही. पुढच्या बाकावरचा नखं खात होता, तो खात राहिला. लांबो वहीच्या मागच्या पानावर मोटारसायकल काढत होता, मान वर न करता म्हणाला, “सही कर ने, बका.”

सुटल्यावर मी त्याला गाठलं. त्याला कळेना मी कशाबद्दल बोलतोय. मग हसला. सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. पालकसभेला आमच्या बाबांनी सगळ्यांशी हात मिळवत ‘पाटील, कराडचे पाटील’ अशी ओळख करून दिली होती, लांबोशीसुद्धा. आणि त्याच्याही आधी ‘बन्ने’. तसा पटेल आख्ख्या चरोतरात झाला नव्हता. मग बोलला का नाहीस? त्याने खांदे उडवले. “तारे पटेल थवुं हतुं, थई जा. अमारुं शुं जाय छे?” तुला व्हायचं होतं, हो. आमचं काय जातंय?

वर्षभर मी जी कमाई समजत होतो ती त्यांनी खात्यावर जमा करून ठेवलेली उधारी होती. मेहनत माझी होती, नाही असं नाही. पण ती चालवून घेणं त्यांच्या हातात होतं, आणि चालवून घेणं त्यांना परवडत होतं.

हे परवडणं पुढे बराच काळ माझ्या डोक्यात राहिलं. कारण त्याच शहरात, 1917 साली, आणखी एका मराठी माणसाने दुसरं नाव घेतलं होतं. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबियाला गेले आणि कराराप्रमाणे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला परतले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने नोंदवहीत पारशी नाव लावायच्या अटीवर त्यांना वरचा मजला दिला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. त्या दिवशी ओळखीच्या दोन दारांतूनही वाट झाली नाही. संध्याकाळपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ज्या महाराजांनी त्यांना शिकायला धाडलं ते स्वतः नाव बदलून आलेले गोपाळ होते. ती बागही महाराजांचीच. आम्ही शाळेतून तिथल्या अजबखान्याच्या सहलीला गेलो होतो, तेव्हा कोणी आम्हाला हे सांगितलं नाही.

माझा पोरखेळ आणि त्यांचे ते अकरा दिवस एका पानावर लिहिताना हात अडखळतो. त्यांना छप्पर हवं होतं, मला मधल्या सुट्टीत सोबत. पण ‘अमारुं शुं जाय छे’ हे वाक्य कुठल्या नावासाठी निघतं आणि कुठल्यासाठी निघत नाही, हे तिथे उघडं पडतं. पाटलाचा पटेल होणं म्हणजे एका ओसरीवरून उठून शेजारच्या ओसरीवर बसणं. त्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं. आमच्याच वर्गात एक मुलगा आडनाव लावत नसे, वडिलांच्या नावाच्या जागी आजोबांचं आणि आडनावाच्या जागी वडिलांचं, असं काहीसं होतं. त्याला कधी कोणी ‘तारुं गाम कयुं’ विचारलं नाही. लेउवा की कडवा विचारायचा तर प्रश्नच नव्हता. मला तेव्हा त्याचा हेवा वाटायचा, बरा सुटला म्हणून. तो फिरकी धरायलाही कुठल्या गच्चीवर नव्हता. कुठे असायचा, मला आठवत नाही, आणि लांबोलाही आठवत नाही. आम्ही दोघांनी एकदा फोनवर बराच वेळ आठवून पाहिलं.

बाबांची पुढची बदली आली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि बडोद्यातच राहिलो. आता इथलाच. बायको नागपूरची, ती माझं मराठी ऐकून हसते. लांबो मात्र काकांच्या मागोमाग गेला, आधी न्यू जर्सीत एडिसनला, जिथे म्हणे भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करता येते. दोन वर्षांपूर्वी त्याने टेनेसीतल्या एका छोट्या गावात मोटेल घेतलं आणि पोराला नववीत नवी शाळा पाहावी लागली. मध्यंतरी त्याचा रात्री उशिरा फोन. भडकलेला.

“नाव बदललंय गाढवाने. पॅट म्हणवून घेतो. पटेलचा पॅट! शिक्षकसुद्धा पॅट म्हणतात. आपल्यात कोणी असले धंदे केले होते का?”

मी काहीच बोललो नाही. पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्याचं त्यालाच हसू आलं.

“तारी वात जुदी छे,” तो म्हणाला.

“जुदी कशी?”

“तू तर इथलाच होतास ने.”

यावर मी त्याच्याशी बराच भांडलो. मग पोराला फोन दे म्हटलं. पोरगा आला, अमेरिकन वळणाच्या गुजरातीत ‘केम छो अंकल’ म्हणाला. तिकडची मुलं कशी आहेत विचारलं तर ठीक आहेत म्हणाला, एका मुलाने त्याला मासे पकडायला नेलं होतं, दिवसभर नुसता गळांचा डबा धरायला दिला, कंटाळा आला. पुढच्या शनिवारी परत बोलावलंय. मी विचारलं, जाणार का? म्हणाला, बघू. पुढच्या उत्तरायणाला ते सगळे बडोद्याला येणार आहेत. लांबोच्या मामांची गच्ची आता राहिली नाही, तिथे इमारत झाली, तेव्हा आमच्याच गच्चीवर जमायचं ठरलंय. दोरा मी रंगवून ठेवतो म्हटलंय. फिरकी कोणाच्या पोराने धरायची यावरून मात्र आत्तापासून वाद सुरू आहे.